व्हॅस्क्युलर रेडिओलॉजीवाल्यांनी पब्लिकेशन आणि सायटेशनचा रेकॉर्ड कसा लावायचा : खान्देशातल्या पीजी आणि फॅकल्टीसाठी

प्रमोशनचा फॉर्म निघाला किंवा इन्स्पेक्शनची तारीख लागली की धुळे काय नि जळगाव काय, सगळ्या मेडिकल कॉलेजांत एकच चित्र दिसतं. कोणी जुन्या पेनड्राइव्हमधून पीडीएफ शोधतंय, कोणी लायब्ररीत जाऊन "मॅडम, माझे सायटेशन किती झाले तेवढं काढून द्या ना" म्हणतंय (सायटेशन म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरचा दिलेला रेफरन्स), आणि संध्याकाळपर्यंत जी लिस्ट बनते तिच्यात निम्मे कॉन्फरन्सचे अ‍ॅबस्ट्रॅक्ट, एक पेपर दोनदा, आणि एखादा चक्क दुसऱ्याच पाटलांचा. मी रेडिओलॉजीत आहे, वर रिसर्च सेलचं कामही गळ्यात पडलेलं आहे, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून टाकतो. व्हॅस्क्युलर आणि इंटरव्हेन्शनवाल्यांना, म्हणजे रक्तवाहिन्यांचं इमेजिंग आणि कॅथेटरने उपचार करणाऱ्यांना, डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण बाकीच्या ब्रँचलाही बहुतेक सगळं लागू पडेल.

पायरी पहिली : नाव

हसू नका, निम्मी भानगड नावातच असते. आपल्याकडे पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे, भोळे ही आडनावं किती ते सांगायला नको, वरून इंग्रजीत चौधरी लिहिताना कोणी सी नंतर एच-ए-यू करतं, कोणी एच-ओ-यू, शेवटी कोणी आय कोणी वाय, सोनवणेमध्ये कोणाचा डब्ल्यू कोणाचा व्ही. मधलं वडिलांचं नाव एका पेपरात पूर्ण, दुसऱ्यात फक्त इनिशियल, तिसऱ्यात गायब. पबमेड या मेडिकल पेपरांच्या फ्री डेटाबेसमध्ये ऑथरचं नाव आडनाव आणि इनिशियल असं दिसतं, त्यामुळे 'पाटील एस आर' टाकलं की त्यात कोल्हापूरचे डेंटिस्ट येतात, कर्नाटकातले ऑर्थो येतात, आणि तुमचा फिमोरल आर्टरीच्या स्यूडोअ‍ॅन्युरिझमचा पेपर कुठेतरी पाचव्या पानावर पडलेला असतो. हे प्रकरण सातबाऱ्यासारखंच आहे, जमीन तुम्ही कसता पण उताऱ्यावर नाव चुकलं की ती तुमची आहे हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

म्हणून पहिला पेपर पाठवायच्या आधीच ठरवा की इंग्रजीत नाव कसं लिहायचं. माझं मत विचाराल तर पहिलं नाव पूर्ण, मधलं इनिशियल, मग आडनाव, आणि स्पेलिंग जे डिग्रीवर आहे तेच. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या मॅडम लोकांनी तर हे आधीच ठरवलेलं बरं, पेपरसाठी जुनंच आडनाव चालू ठेवलं तरी काही बिघडत नाही, आणि बदलायचंच असेल तर पुढच्या पायरीत त्याची सोय आहे.

कॉलेजच्या नावाचंही तेच. धुळ्याच्या सरकारी कॉलेजचं पूर्ण नाव श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एवढं लांब नाव इंग्रजीत लिहायचं म्हटल्यावर प्रत्येक जण आपापल्या परीने छोटं करतो, आणि मग डेटाबेस त्याला वेगवेगळी कॉलेजं समजतो. डिपार्टमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच ओळ पिन करून ठेवा, डिपार्टमेंट, कॉलेज, शहर, राज्य, देश, आणि सगळ्यांनी तीच कॉपी-पेस्ट करायची.

पायरी दुसरी : ऑर्किड आयडी

ऑर्किड म्हणजे संशोधकाचा 16 अंकी कायमचा नंबर, 2012 पासून सुरू आहे, फुकट आहे, आणि काढायला चहा गार व्हायच्या आत होतो. शेवटचा अंक कधीकधी एक्स असतो, तो टायपिंगची चूक समजून खोडू नका.

काढताना दोन ईमेल टाका, एक कॉलेजचा आणि एक स्वतःचा. सरकारी नोकरीत बदली झाली किंवा प्रायव्हेट कॉलेज सोडलं की कॉलेजचा ईमेल बंद पडतो, मग पासवर्ड विसरलात तर बसा बोंबलत. 'अदर नेम्स' किंवा 'ऑल्सो नोन अ‍ॅज' असा रकाना आहे, तिथे नावाची झालेली सगळी रूपं, माहेरचं आडनाव, वेगळी स्पेलिंग, सगळं भरून टाका. मग वर्क्समध्ये जाऊन 'सर्च अँड लिंक' वापरा, तिथून क्रॉसरेफ, स्कोपस, युरोप पीएमसी अशा पेपरांच्या डेटाबेसमधून पेपर आपोआप ओढता येतात, हाताने टाइप करत बसू नका कारण हाताने टाइप केलं की चुका होतातच. क्रॉसरेफला एकदा परवानगी दिली की पुढचे पेपर, सबमिशनच्या वेळी ऑर्किड दिलेला असेल तर, छापून आल्यावर स्वतःहून जमा होतात. आणि व्हिजिबिलिटी 'एव्हरीवन' आहे ना ते बघा, नाहीतर सगळं भरून झाल्यावर कमिटीला पान कोरं दिसतं.

पायरी तिसरी : विखुरलेले पेपर गोळा करणं

पबमेडमध्ये नुसतं नाव टाकू नका. नावापुढे चौकोनी कंसात एयू टाका म्हणजे फक्त ऑथरच्या रकान्यात शोधेल, मग अँड, मग शहराचं नाव आणि पुढे चौकोनी कंसात एडी, म्हणजे पत्त्यात शोधेल. पाटील एस आर अधिक धुळे असं केलं की शेकड्यांची लिस्ट एकदम मूठभर होते. पीजी मुंबईला केलं असेल, फेलोशिप केरळात केली असेल, तर त्या शहरांसाठी हेच परत करा, कारण पेपरवर पत्ता त्या वेळचा असतो.

सगळं पबमेडमध्ये असतंच असं नाही. आपल्या फील्डचे बरेच पेपर इंडियन जर्नल ऑफ रेडिओलॉजी अँड इमेजिंगमध्ये, म्हणजे आयआरआयए या रेडिओलॉजिस्टच्या संघटनेच्या जर्नलमध्ये असतात, काही आयएसव्हीआयआर या इंटरव्हेन्शनवाल्यांच्या संघटनेच्या जर्नल ऑफ क्लिनिकल इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीमध्ये, आणि बाहेरचं म्हटलं तर अमेरिकेच्या सोसायटीचं जेव्हीआयआर आणि युरोपच्या सोसायटीचं सीव्हीआयआर ही दोन नावं पाठच असतात. प्रत्येक पेपरचा डीओआय (पेपरचा कायमचा नंबर), पीएमआयडी (पबमेडचा नंबर) असेल तर तो, वर्ष, व्हॉल्यूम, पानं, ऑथरमध्ये तुमचा नंबर आणि कॉरस्पॉन्डिंग कोण, एवढं एका एक्सेलमध्ये भरा. ही एक्सेल शीट म्हणजे तुमचा खरा रेकॉर्ड, बाकीच्या वेबसाइट तिच्यावरून तपासायच्या.

पायरी चौथी : स्कोपस आणि गूगल स्कॉलर साफ करणं

स्कोपस प्रोफाइल तुम्ही बनवत नाही, ती कॉम्प्युटर बनवतो, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन-तीन प्रोफाइल सर्रास असतात. कॉलेजकडे स्कोपसचं सबस्क्रिप्शन नसलं तरी फ्री ऑथर सर्च चालतो, तिथे आपल्या सगळ्या प्रोफाइल शोधायच्या आणि ऑथर फीडबॅक विझार्डमधून मर्जची रिक्वेस्ट टाकायची, दुसऱ्याचा पेपर चिकटलेला असेल तर तोही तिथूनच काढायचा. हे करून झालं की स्कोपस ऑर्किडला जोडा.

गूगल स्कॉलर उलट आहे, ते तुम्ही बनवता आणि ते जरा जास्तच दिलदार आहे. थिसिस, प्रीप्रिंट, कुठल्यातरी वेबसाइटवरची पीडीएफ, सगळीकडचं सायटेशन धरतं, म्हणून तिथला आकडा स्कोपसपेक्षा जवळजवळ कायम मोठा दिसतो. सेटिंगमध्ये जाऊन 'नवीन पेपर आपोआप जोडा' हे बंद करा आणि 'आधी मला ईमेल करून विचारा' हे चालू करा. नाहीतर सहा महिन्यांनी उघडाल तेव्हा तुमच्या नावावर सोयाबीनच्या कीड नियंत्रणाचे पेपर आलेले असतील. ही गंमत नाही, कॉमन आडनाव आणि दोन इनिशियल असलेल्या कोणाचीही प्रोफाइल उघडून बघा. एकच पेपर दोनदा दिसत असेल तर दोन्हींवर टिक करून मर्ज करा.

आमच्याकडच्या एका पीजीने विचारलं, "सर, स्कॉलरवर जास्त दाखवतंय, मग तेच लिहू ना?" म्हटलं, "लिही ना भो, पण बाजूला स्कॉलर असं लिही आणि तारीख टाक." मुद्दा एवढाच आहे की आकडा कुठला आणि कधीचा हे लिहिलेलं असलं की कोणी बोट ठेवू शकत नाही, आणि नसलं की समोरचा आधी संशयानेच बघतो.

पायरी पाचवी : आकडे वाचायचे कसे

एच-इंडेक्स 2005 मध्ये जॉर्ज हिर्श नावाच्या फिजिक्सच्या प्रोफेसरने काढला. समजा तुमचे सात पेपर आहेत आणि सायटेशन मोठ्यापासून लहानापर्यंत लावले तर 18, 11, 7, 4, 4, 2, 0 असे येतात. आता मोजत जा, पहिल्याला किमान 1, दुसऱ्याला किमान 2, तिसऱ्याला किमान 3, चौथ्याला किमान 4, इथपर्यंत जमलं, पाचव्याला 5 पाहिजेत पण 4 च आहेत, थांबा, एच-इंडेक्स 4. गूगलचा आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर, इथे ते दोन. बस, यात दुसरं काही गूढ नाही. आता तो 18 वाला पेपर उद्या 1800 झाला तरी एच-इंडेक्स 4 च राहतो, आणि एच-इंडेक्स वयाप्रमाणे वाढतच जातो, कमी कधी होत नाही, म्हणून रिटायरमेंटला आलेल्या सरांशी फेलोशिपवरून परत आलेल्या पोराची तुलना करण्यात काही अर्थ नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर हा माणसाचा नसतो, जर्नलचा असतो. जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षात मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. बायोडेटात "माझा टोटल इम्पॅक्ट फॅक्टर 23" असं लिहिणारे बघितलेत, कृपा करून असं करू नका, बेरीज करायची ती गोष्टच नाही. 2013 च्या डोरा डिक्लेरेशनमध्येही हेच म्हटलंय की जर्नलच्या आकड्यावरून माणसाचं काम तोलू नका.

आपल्या ब्रँचचा प्रॉब्लेम वेगळाच आहे. व्हॅस्क्युलर इंटरव्हेन्शन ही छोटी वस्ती, लिहिणारे कमी म्हणून साइट करणारेही कमी. कार्डिओलॉजीवाल्याच्या शेजारी आपला आकडा ठेवला की आपण उगाच गरीब दिसतो. यावर एक बरा उपाय म्हणजे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेचं आयसाइट नावाचं फ्री टूल, त्यात पीएमआयडी टाकले की रिलेटिव्ह सायटेशन रेशो मिळतो, म्हणजे त्याच फील्डच्या, त्याच वर्षाच्या पेपरांशी तुलना. 1 म्हणजे एनआयएचच्या पैशातून झालेल्या पेपरांचा मध्य. सरकारी नसलेल्या छोट्या कॉलेजातून निघालेल्या पेपरला 1 च्या आसपास आला तर मान वर करून सांगा.

आकड्यात काय मावत नाही तेही लक्षात असू द्या. 1953 मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर या रेडिओलॉजिस्टने सुई, गाइडवायर, कॅथेटर ही पद्धत छापली. आज कुठल्याही कॅथ लॅबमध्ये दिवसभर तेच चालू असतं, पण मेथड्समध्ये लोक नुसतं 'सेल्डिंगर टेक्निक' लिहून पुढे जातात, मूळ पेपरचा रेफरन्स द्यायची कोणाला गरजच वाटत नाही. त्याच्या स्वतःच्या डिपार्टमेंटला ते काम थिसिससाठी पुरेसं वाटलं नव्हतं, थिसिस त्याने नंतर वेगळ्याच विषयावर केला. मग 16 जानेवारी 1964 ला ओरेगॉनमध्ये चार्ल्स डॉटरने 82 वर्षांच्या बाईच्या मांडीतली चोंदलेली आर्टरी कॅथेटरने उघडली, पायाला गँगरीन होतं, पाय कापायला तिने नकार दिला होता, आणि तिचा पाय वाचला. पेपर त्याच वर्षी सर्क्युलेशनमध्ये आला. अमेरिकेतल्या सर्जन लोकांनी बरीच वर्षं नाकं मुरडली, एकाने तर अँजिओच्या रिक्वेस्टवर 'बघा, पण दुरुस्त करायला जाऊ नका' अशा अर्थाचं लिहून पाठवलं होतं. ही पद्धत जगली ती युरोपात, तिथूनच ग्रुंट्झिगचा बलून आला, आणि 1977 मध्ये झुरिकला पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी झाली. आता हे सगळं दोन वर्षांच्या खिडकीतून कसं दिसणार होतं सांगा.

पायरी सहावी : जर्नल निवडताना

"ग्रीटिंग्स ऑफ द डे, रिस्पेक्टेड एमिनंट रिसर्चर" असा मेल आला की सरळ डिलीट. सात दिवसांत अ‍ॅक्सेप्टन्स, एडिटोरियल बोर्डवर सगळ्या विषयांचे लोक, वेबसाइटवर कसलातरी भलत्याच नावाचा इम्पॅक्ट फॅक्टर, आणि पैसे भरायला घाई, ही लक्षणं पुरेशी आहेत. आयएसएसएन नंबर असणं म्हणजे दर्जा नाही, तो गाडीच्या मासिकालाही मिळतो. जर्नल मेडलाइनमध्ये आहे का ते अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या (एनएलएम) कॅटलॉगमध्ये बघा, स्कोपसमध्ये चालू आहे की काढून टाकलंय ते स्कोपसच्या सोर्स लिस्टमध्ये, ओपन अ‍ॅक्सेस असेल तर अशा जर्नलांच्या डीओएजे या यादीत. जर्नलच्या स्वतःच्या वेबसाइटवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

एनएमसी म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनच्या 2022 च्या शिक्षक पात्रता नियमांत ओरिजिनल पेपर, मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टेमॅटिक रिव्ह्यू आणि केस सिरीज धरले होते, एकटा केस रिपोर्ट नाही, आणि ऑथर पहिल्या तिघांत किंवा कॉरस्पॉन्डिंग पाहिजे असं होतं. 2025 मध्ये फॅकल्टीची नवीन रेग्युलेशन आली, त्यामुळे सिनियर काय म्हणतात यावर न थांबता ताजं नोटिफिकेशन स्वतः वाचा. यावरून एक साधी गोष्ट निघते, पाच केस रिपोर्ट वेगवेगळे पाठवण्यापेक्षा त्याच प्रकारचे पेशंट दोन-तीन वर्षं जमवून एक सिरीज लिहा, तिला सायटेशनही मिळतात आणि ती फॉर्ममध्येही बसते.

पेपर वाचायला पैसे नाहीत ही सबब सरकारी कॉलेजांपुरती आता चालत नाही, केंद्र सरकारचं वन नेशन वन सबस्क्रिप्शन 2025 च्या जानेवारीपासून सुरू झालंय आणि त्यात 30 पब्लिशरची जवळपास 13 हजार जर्नल्स आहेत. लायब्ररीत जाऊन लॉगिन मागा. प्रायव्हेटवाल्यांना मात्र अजून पीएमसी हा फुकट पेपरांचा साठा आणि ऑथरला मेल टाकणं हाच रस्ता आहे, आणि ऑथर लोक बहुतेक वेळा पीडीएफ पाठवतात.

पायरी सातवी : साइट होईल असं लिहायचं काय

इथे जरा थांबतो कारण हा भाग माझ्या आवडीचा आहे. लोकांना वाटतं सायटेशन मिळवायला भारी मशीन लागतं. आपल्याकडे नंदुरबार, शिरपूर, साक्रीच्या पट्ट्यात भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या मुलांच्या मेंदूतल्या आर्टरी अरुंद होतात आणि स्ट्रोक येतो. 1998 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये स्टॉप ट्रायल आला, 130 मुलं, ट्रान्सक्रेनियल डॉपलरवर (मेंदूतल्या आर्टरीची सोनोग्राफी) रक्ताचा वेग सेकंदाला 200 सेंटीमीटर किंवा जास्त असलेल्यांना नियमित रक्त दिलं तर स्ट्रोक 90 टक्क्यांहून जास्त कमी झाले, फरक एवढा की ट्रायल मध्येच थांबवावा लागला. पण तो 200 चा आकडा अमेरिकेतल्या मुलांवरून आलाय. आपल्याकडचा अरब-इंडियन हॅप्लोटाइप (जनुकाचा प्रकार), फीटल हिमोग्लोबिन जास्त, मग आपल्या पावरा पोरांना तोच आकडा लागू पडतो का, हा प्रश्न विचारायला एक डॉपलर मशीन, एक चिकाटीचा पीजी आणि पीडियाट्रिक्सशी बरे संबंध एवढंच लागतं. 2023 पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन चालू आहे, म्हणजे स्क्रीनिंग होऊन मुलं सापडतायत. असं काम इथून छापून आलं तर जगात कुठेही या विषयावर लिहिणाऱ्याला ते साइट करावं लागेल.

बाकीही आहेच, बिडी ओढणाऱ्या तरण्या पोरांचा बर्जर (हातापायाच्या आर्टरी बंद पडण्याचा आजार), टीबीनंतर रक्ताच्या गुळण्या आलेल्यांचं ब्रॉन्कियल आर्टरी एम्बोलायझेशन, डायलिसिसच्या फिस्टुलाचं मॅपिंग, डायबेटिक फूटमध्ये गुडघ्याखालच्या आर्टरी. फक्त सुरुवातीलाच एथिक्स कमिटी, ट्रायल असेल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआय या सरकारी ट्रायल नोंदवहीत रजिस्ट्रेशन, आणि संमतीपत्र पेशंटला कळेल अशा भाषेत, गरज पडली तर अहिराणी किंवा पावरीत तोंडी समजावून. इमेजवर कोपऱ्यात पेशंटचं नाव छापलेलं असतं ते क्रॉप करा, डायकॉम फाइलच्या माहितीतलं नाव काढलं म्हणून चित्रातलं जात नाही.

ऑथरशिपबद्दल एवढंच, आयसीएमजेई या मेडिकल एडिटरांच्या समितीच्या चार अटी आहेत, काम, लिहिणं किंवा तपासणं, शेवटची मान्यता, आणि जबाबदारी घेणं, चारही पाहिजेत. मशीन डिपार्टमेंटचं आहे म्हणून कोणी ऑथर होत नाही. सरांना हे तोंडावर सांगणं अवघड आहे हे मलाही कळतं, म्हणून ऑथरचा क्रम प्रोटोकॉल लिहितानाच कागदावर घ्या, तेव्हा कोणालाच राग येत नाही.

पायरी आठवी : लिस्ट लिहिणं आणि सांभाळणं

व्हँकुव्हर पद्धत ठेवा, पहिले सहा ऑथर मग एट अल, आपलं नाव ठळक. ओरिजिनल, रिव्ह्यू, केस सिरीज, केस रिपोर्ट, चॅप्टर, कॉन्फरन्स अ‍ॅबस्ट्रॅक्ट हे वेगवेगळ्या मथळ्यांखाली, मिसळू नका. अ‍ॅक्सेप्ट झालेला 'इन प्रेस' लिहा, नुसता पाठवलेला असेल तर जर्नलचं नाव लिहू नका. खाली एक ओळ, स्कोपसवर इतके पेपर, इतकी सायटेशन, एच-इंडेक्स इतका, अमुक तारखेला बघितलं, सेल्फ-सायटेशन धरून की वगळून. स्वतःचा जुना पेपर साइट करणं गुन्हा नाही, सिरीजचा दुसरा भाग लिहिताना पहिला सांगावाच लागतो, पण निम्म्याच्या वर सायटेशन स्वतःचीच असतील तर इंटरव्ह्यूत कोणीतरी विचारणारच.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा आणि मार्च एंडला एकदा ती एक्सेल शीट उघडा, ऑर्किड, स्कोपस, स्कॉलर तिन्ही तिच्याशी जुळवा. त्याच बैठकीत आपण ज्यांचे रेफरन्स दिलेत त्यातला एखादा पेपर मागे घेतला गेलाय का तेही बघा, रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस 2023 पासून क्रॉसरेफकडे आहे आणि फुकट बघता येतो, झोटेरो हे रेफरन्सचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते स्वतःच लाल पट्टी दाखवतं. तुमच्याच छापून आलेल्या पेपरात आकडा किंवा नावाची स्पेलिंग चुकली असेल तर एडिटरला मेल टाकून करेक्शन छापून घ्या, त्याचा वेगळा डीओआय मिळतो, तो शीटमध्ये मूळ पेपरच्याच ओळीत पुढच्या रकान्यात लिहा, नवीन पेपर म्हणून मोजू नका.